बारा उपडे डबे

माशांचे डबे भरणाऱ्या त्या कारखान्यात तीनशे माणसं कामाला होती आणि तीनशेंमध्ये मिळून कामाचं नाक एकच होतं. ते ज्याच्या चेहऱ्यावर होतं त्याला सगळे नाक्या म्हणत. खरं नाव विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका मालवाहू बोटीने त्याला तापाने फणफणलेला असा धक्क्यावर उतरवला आणि ती बोट जी गेली ती गेली. तेव्हापासून त्याच्या रंगाचा, त्याच्या केसांचा, त्याच्या वंशाचा दुसरा माणूस त्या गावात आला नाही. बाकीचे सगळे गोरे, जरा ऊन लागलं की लालबुंद होणारे. हा मात्र काळाभोर. पोरं त्याला तव्याचं बूड म्हणायची आणि मोठी माणसं पोरांना दटावल्यासारखं करून हसायची.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. एका वेळी शिजून निघालेल्या डब्यांना तिथे घाणा म्हणत. प्रत्येक घाण्यातले बारा डबे नमुन्याच्या खोलीत यायचे. नाक्या ते फोडायचा, एकेक नाकाखाली धरायचा, आणि दोन डब्यांच्या मध्ये आपलंच नाक कोपराच्या खळगीत खुपसून एक खोल श्वास घ्यायचा. माणसाला स्वतःच्या अंगाचा वास येत नाही, त्यामुळे नाक पुन्हा कोरं होतं, ही युक्ती त्याची त्यानेच शोधलेली. आता गंमत बघा. ज्या अंगाचा वास घेऊन तो सगळ्यांच्या पोटांची राखण करत होता, त्याच अंगाला घाण वास येतो म्हणून जेवणाच्या खोलीत त्याला बसायला मनाई होती.

डबा चांगला असला तर तो होता तसा ठेवायचा. खराब असला तर पत्र्याच्या टेबलावर उपडा घालायचा. तोंडाने काही बोलायचं नाही. पहिल्या वर्षी तो एकदा बोलला होता. माल घ्यायला आलेल्या पाहुण्यासमोर त्याने मालकाला सरळ सांगितलं, ‘‘हा घाणा बिघडलाय.’’ पाहुणा म्हणाला, ‘‘आता हा सांगणार वाटतं आम्हाला, काय खायचं ते?’’ मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून नियम झाला: नाक्याने हुंगायचं, डबा उपडा घालायचा, आणि मुकादमाने तो बघून आपल्या हाताने वहीत ‘नापास’ लिहायचं. मग ते मुकादमाचं मत व्हायचं आणि लोक मुकादमाच्या नाकाची वाहवा करायचे. मुकादमाचं नाक कसलं, त्याला उकिरडा आणि अत्तर यांतला फरक कळला असता तरी पुष्कळ झालं असतं.

नाक्या बॉयलरच्या मागच्या खोलीत राहायचा. एक बाज, एक आरसा, खिळ्याला टांगलेला कोट, आणि अष्टौप्रहर तापलेली एक भिंत. त्या खोलीचा उंबरठा अकरा वर्षांत एकाच माणसाने ओलांडला होता, तो माणूस म्हणजे लेबलवाली.

लेबलवाली विधवा होती. पदरी सहा वर्षांची मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणत. डब्यांवर कागद चिकटवायची खळ रात्रीच्या गारव्यात घट्ट व्हायची, म्हणून लेबलवाली संध्याकाळचा भोंगा झाला की खळीचं भांडं आणून त्या तापलेल्या भिंतीशी ठेवायची आणि सकाळी घेऊन जायची. आधी उंबरठ्याबाहेरूनच पायाने सरकवायची. मग एकदा आत आली. मग दहा मिनिटं टेकायला लागली. नाक्या चहा करायचा आणि ती आपला पेला ॲप्रनच्या खिशातून काढायची. दर वेळी घरून आणलेला, स्वतःचा. त्याच्याकडे दोन पेले होते, दुसरा त्याने तिच्यासाठीच घासून ठेवला होता, तो तसाच कोरडा राहिला. त्याला ते दिसायचं. पण उपाशी माणसाने भाकरीचा करपलेला भाग बघू नये, तसं तो बघायचा नाही.

‘‘तुम्हाला कंटाळा नाही येत हो एकट्याला?’’ ती एकदा म्हणाली.

‘‘येतो की. पण सांगायचं कुणाला, बाई?’’

‘‘मला सांगत जा,’’ ती म्हणाली, आणि नाक्याला ते वाक्य चार दिवस पुरलं. खोलीत ती त्याला ‘तुम्ही’ म्हणायची. बाहेर अंगणात गाठ पडली की ‘ए’. तेही त्याने समजून घेतलं होतं. समजून घेण्याचा त्याला अकरा वर्षांचा सराव होता.

त्या वर्षी कारखान्याला पन्नास वर्षं झाली. मालकाने जाहीर केलं की रविवारी सगळ्या कामगारांना बायकापोरांसकट जेवण, तेही कारखान्याच्याच माशांचं. आणि त्याच आठवड्यात बर्फखोलीत गडबड झाली.

बर्फखोली मुकादमाच्या मेव्हण्याकडे होती. बायकोचा भाऊ म्हटल्यावर त्याला काम येतं की नाही हे बघायची पद्धत नसते. हे महाशय दुपारी दार सताड उघडं टाकून कुठेतरी पत्ते कुटत बसले आणि एक आख्खी खेप संध्याकाळपर्यंत उकाड्यात पडून राहिली. मग घाईघाईने ती डब्यांत भरून शिजवून काढली. बाजारात पाठवली तर माल घेणारा बोंब मारणार, फेकली तर मालक कारण विचारणार. मुकादमाने डोकं चालवलं: घरच्या जेवणालाच वापरून टाकू. घरची माणसं ओरडणार कुणाकडे?

शुक्रवारी त्या घाण्याचे बारा डबे नाक्यासमोर आले. पहिला नाकाखाली धरताच त्याचा हात थबकला. सडक्या माशाचा भपका नव्हता तो, भपका कुणालाही कळतो. वरून सगळं ठीक होतं, आणि खाली कुठेतरी एक गोडूस, चुरचुरणारी झाक होती. त्याने चिमूटभर तुकडा जिभेच्या टोकाला लावला. मिरीसारखं चुरचुरलं. तो लगेच थुंकला.

हा वास त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या गावी, समुद्राकाठी, त्याचा धाकटा भाऊ असाच एक मासा खाऊन आला होता. तासाभरात पोराचं तोंड फुगून लाल झालं, ओठ सुजले, श्वास घेताना गळ्यातून शिट्टी वाजायला लागली, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. पुन्हा शिजवलं तरी ते विष मरत नाही. मोठं माणूस एखादवेळेस निभावून नेतं, पण लेकराचं काही खरं नसतं.

त्याने कोपरात नाक खुपसलं, दुसरा डबा घेतला, मग तिसरा. बाराच्या बारा उपडे घातले. मासे आणि रस पत्र्यावर पसरून मोरीकडे ओघळायला लागले.

मुकादम आला. टेबलाकडे बघून त्याने दार लावून घेतलं. खिशातून रुमाल काढला, हाताला गुंडाळला, आणि एकेक रिकामा डबा उचलून सुलटा ठेवत गेला. बारा डबे त्याने असे सुलटे केले. रुमाल का, हे सांगायला नको. नाक्याचा हात लागला होता ना त्यांना. मग वही उघडून ‘पास’ लिहिलं.

‘‘मुकादमसाहेब,’’ नाक्याने नियम मोडला, ‘‘हे पोरांना घालू नका. मरतील.’’

‘‘तोंड आलं का तुला?’’

‘‘साहेब, माझा भाऊ...’’

‘‘तुझा भाऊ काय खाऊन मेला ते तू तुझ्यापाशी ठेव. तिखट रश्श्यात सगळं जातं.’’ मुकादम रुमाल खिशात घालायला गेला, मग थांबला, आणि त्याने तो मोरीत टाकला. ‘‘आणि तुझं नाक आता म्हातारं झालंय. डोक्यात असू दे.’’

नाक्या मालकाकडे जाऊ शकत नव्हता. कचेरीच्या पायरीवर त्याला पाय ठेवायची परवानगी नव्हती, आणि ठेवला असता तरी मालकाने मुकादमालाच बोलावून विचारलं असतं. मुकादमाच्या हातची ‘पास’ अशी लेखी नोंद होती. याच्याकडे काय होतं? एक नाक, तेही काळ्या चेहऱ्यावरचं.

संध्याकाळी लेबलवाली खळ घेऊन आली. त्याने तिला सगळं सांगितलं, भावाचं सुद्धा. ती ऐकता ऐकता पांढरी पडली. पेला काढायचा विसरून गेली.

‘‘अगं बाई! चिमणीला नेणार होते मी.’’

‘‘नेऊ नका.’’

‘‘आणि बाकीची पोरं? छे छे. मी सांगते मुकादमांना. माझं ऐकतील ते. तुम्ही नका काळजी करू.’’

जाताना तिने दारात मागे वळून बघितलं. नाक्या त्या रात्री स्वस्थ झोपला. कुणीतरी आपल्या वतीने तोंड उघडणार, ही चैन त्याला माहीत नव्हती.

शनिवारी सकाळी मुकादम नमुन्याच्या खोलीत आला तेव्हा मागे लेबलवाली होती, मान खाली घातलेली.

‘‘ही म्हणते, घाणा खराब आहे,’’ मुकादम म्हणाला. आवाज अगदी गोड. ‘‘म्हटलं, बाई, तू लेबलं चिकटवतेस, तुला डब्याच्या आतलं कसं कळलं? तर म्हणाली, नाक्याने सांगितलं. बरं. कुठे सांगितलं रे? हिची तुझी गाठ पडते कुठे?’’

नाक्याने तिच्याकडे बघितलं. एक शब्द पुरे होता: खोलीत. खळ ठेवायला जाते, बसते, चहा घेते. पण तो शब्द उच्चारला तर गाव तिचं काय करेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो गप्प राहिला. तिला वाचवायला म्हणून गप्प राहिला, हे लक्षात ठेवा.

‘‘वाटेत,’’ लेबलवाली म्हणाली. ‘‘वाटेत अडवलं त्याने मला.’’

‘‘अडवलं?’’

‘‘हो. अंधारत आलं होतं.’’

मुकादम हसला. सापडलेलं नाणं उचलावं तसं त्याने ते वाक्य उचललं. ‘‘बाईमाणसाला अंधारात अडवतोस? नाक्या, मी दारात उभा राहून हे फक्त मोठ्याने म्हणायचा अवकाश. वीस जण धावत येतील. मग तुझं नाक कुठे आणि तू कुठे, शोधायला कुणी जाणार नाही. सांगू का हाक मारून?’’

‘‘नको, साहेब.’’

‘‘घाणा कसा आहे?’’

लेबलवाली खिडकीबाहेर बघत होती.

‘‘चांगला आहे, साहेब.’’

‘‘शाब्बास. बघ बाई, आता तर हाच म्हणतो. उद्या पोरीला घेऊन ये, मी स्वतः वाढेन तिला. आली नाहीस तर लोक विचारतील, का नाही आली, काय झालं होतं, कोण कुठे भेटलं होतं. कळलं?’’

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ती दोघं गेल्यावर नाक्या टेबल पुसायला लागला. मोरीत मुकादमाचा रुमाल अजून पडलेला होता, त्याच्यावर माशी बसली होती. त्याला त्या रुमालाची शिसारी आली, त्या गोड आवाजाची आली, आणि सगळ्यात जास्त आली ती स्वतःच्या तोंडून निघालेल्या ‘चांगला आहे, साहेब’ची. खळीचं भांडं त्या संध्याकाळी आलं नाही.

रविवारी अंगणात लांबच लांब टेबलं मांडली. चार मोठ्या पातेल्यांत रस्सा रटरटत होता आणि तिखटाच्या वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मालकाचं टेबल वेगळं, झाडाखाली, तिथे भाजलेली कोंबडी होती. मुकादमाचं ताटही हळूच तिकडेच मांडलेलं. मेव्हण्याचं म्हणे सकाळपासून पोट बरं नव्हतं, तो नुसता पाव कुरतडत होता. शहाणी माणसं!

नाक्याला आमंत्रण नव्हतंच. तो खोलीत बाजेवर बसून होता, दार लावून. खा म्हणावं, तो स्वतःशी म्हणत होता. अकरा वर्षं माझ्या सावलीला नाकं मुरडलीत, आज नाक बाजूला ठेवून खा. माझं काय जातं? ज्याचं त्याने निस्तरावं. आणि हे म्हणताना त्याला खरोखर बरं वाटलं, चांगलं चार घटका बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग बाहेरून मुकादमाचा आवाज आला, ‘‘आधी पोरं! पोरांची रांग करा!’’

तो उठून खिडकीशी गेला. चाळीसेक पोरं ताटल्या वाजवत उभी होती. सगळ्यात पुढे चिमणी होती, केसांना फीत बांधलेली, आणि तिच्या खांद्यावर आईचा हात होता. आईचा तो हात पोरीला मागे ओढत नव्हता, पुढेही ढकलत नव्हता, नुसता होता. मुकादमाने पळीभर रस्सा तिच्या ताटलीत ओतला. पोरगी फुंकर घालायला लागली. रस्सा गरम होता, तेवढाच काय तो वेळ.

ओरडून उपयोग नव्हता. त्याचं बोलणं कुणी ऐकणार नव्हतं, डबा उपडा घातला तर सुलटा करणारे होते. त्याचा शब्द या माणसांना शिवत नव्हता. पण त्याचा हात शिवत होता. मुकादमाचा रुमाल त्याला आठवला, लेबलवालीचा पेला आठवला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की आपल्याकडे एक गोष्ट आहे, जिच्यापुढे ही तीनशे माणसं मागे सरतात.

तो धावला. बाह्या वर करत लोकांच्या मधून पहिल्या पातेल्यापाशी गेला आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. रस्सा पोळत होता. त्याने दात आवळून हात गोल फिरवला, बाहेर काढला, दुसऱ्या पातेल्यात घातला. मग तिसऱ्या, मग चौथ्या. एक बाई किंचाळली. पोरांच्या हातातल्या ताटल्या आयांनी हिसकावल्या. कुणीतरी नुसता हात बघूनच कोरडी ओकारी काढली.

‘‘अरे, त्या काळ्याने हात बुडवला!’’

‘‘सगळं नासवलं रे!’’

बघा तर खरं, नासलेलं नासवलं म्हणून केवढा आक्रोश! मग मार सुरू झाला. मारायलाही त्याला हात लावायचा नव्हता, म्हणून लोकांनी झाडू आणले, पळ्या घेतल्या, लांब दांड्याचं काय मिळेल ते घेतलं. मालक खुर्चीवरून उठला, कोंबडीची तंगडी हातात तशीच, आणि म्हणाला, ‘‘फेका ते सगळं. आणि याला फाटकाबाहेर काढा. माझ्या दारात हे जनावर पुन्हा नको.’’

पातेली चौघाचौघांनी फडक्याने धरून उचलली आणि फाटकाजवळच्या खड्ड्यात उपडी केली. बिघडलेला घाणा शेवटच्या तुकड्यापर्यंत मातीत गेला. आता कुणी काही शोधायचं म्हटलं तरी शोधायला उरलं नव्हतं. मेव्हण्याने पाव खाली ठेवला, त्याचं पोट एकदम बरं झालं होतं. मुकादमाने कपाळावरचा घाम पुसला आणि मालकाला म्हणाला, ‘‘इतका सुंदर घाणा, साहेब. मी स्वतः पास केला होता.’’ नाक्याने ते ऐकलं. म्हणजे आपण पोरांना वाचवलं आणि त्यांच्याबरोबर यांनाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोर संन्याशानेच आणून दिलेला!

फाटकवाल्याने खोलीची किल्ली जमिनीवर टाकायला लावली आणि काठीने आपल्याकडे ओढून घेतली. नाक्याचा हात कोपरापर्यंत भाजून सुजत चालला होता. बाहेरच्या नळाकडे तो वळला तशी काठी आडवी आली. ‘‘त्या नळाला आम्ही पाणी पितो.’’

सवयीने त्याने नाक कोपराच्या खळगीत नेलं. तिथे आता तीच गोडूस, चुरचुरणारी झाक होती. नाक कोरं करायची जागाच गेली होती.

तेवढ्यात लेबलवाली खड्ड्याशी आली. चिमणीची ताटली तिच्या हातात होती, रस्सा अजून तसाच, एक घासही कमी झालेला नव्हता. पोरगी मागे मागे रडत येत होती. नाक्याच्या आणि तिच्या मध्ये फार तर दहा पावलं होती. ती थांबली. त्याच्या हाताकडे तिने बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्या अंगणातल्या तीनशे माणसांत हा हात पातेल्यात का गेला हे मुकादम-मेव्हणे सोडले तर माहीत असलेली ती एकटीच होती.

‘‘आई, का टाकतेस गं? मला भूक लागलीय,’’ चिमणी म्हणाली.

फाटकवाला ऐकत होता. मागे मुकादमही उभा होता. लेबलवालीने ताटली उपडी केली आणि काठावर चिकटलेला तुकडा बोटाने न काढता ताटलीच खड्ड्यात सोडून दिली.

‘‘त्याचा हात लागलाय म्हणून,’’ ती म्हणाली.

पोरगी वाचली होती. याहून जास्त त्याला काय हवं होतं? पण अकरा वर्षं हजारो डबे हुंगताना जी कधी आली नव्हती ती किळस त्या चार शब्दांनी त्याच्या पोटातून वर आली. तो वाकला आणि फाटकाच्या खांबाला धरून ओकला.

‘‘पाहिलंस चिमणे?’’ फाटकवाला म्हणाला. ‘‘बरं झालं, आईने टाकलं.’’

नाक्याने तोंड डाव्या बाहीला पुसलं. मग भाजलेला हात अंगापासून लांब धरून तो धक्क्याच्या रस्त्याला लागला.